हातातले जोडे

जिन्याच्या पहिल्या पायरीवरच वास आला. कांदा-लसूण मसाल्याचा. बर्लिनच्या वेडिंग भागातल्या आमच्या जुन्या इमारतीत एरवी ओल्या कोटांचा आणि तळघरातल्या कुबट हवेचा वास असतो. त्यात हा असा काही घुसला होता की तीन मजले मी जवळजवळ पळतच चढले. आईने कोल्हापुरातून पाठवलेला खोका आला होता. मी घरी नव्हते म्हणून पोस्टमन तो समोरच्या दारी देऊन गेला होता आणि माझ्या दाराला तशी चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. समोर ८८ वर्षांच्या आजी एकट्या राहतात. त्यांच्या घंटीवर ‘एच.’ एवढं एक अक्षर आणि पुढे आडनाव. नऊ वर्षं मी त्यांना आडनावानेच हाक मारत आले, इथली रीतच ती; मनात मात्र त्या आजीच. खोका माझ्या हातात देण्याआधी त्यांनी त्यावरचं माझं नाव बोट ठेवून, अक्षरं जुळवत वाचलं आणि विचारलं, “याचा अर्थ काय?” मी लगेच सांगितला. नक्षत्र कुठलं, आकाशात कुठे, कुठल्या महिन्यात दिसतं, सगळं. मग मीही विचारलं, “आणि तुमच्या ‘एच’चं पूर्ण नाव?”

“हेडविग.”

“त्याचा अर्थ?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या कोपराचा अर्थ विचारला होता. “नावाला कसला अर्थ? माझ्या आजीचं होतं ते.”

मसाला बरणीत भरला, खोका मोडून ठेवला, तरी ते उत्तर मनातून जाईना. आपल्याकडे नावाच्या आधी अर्थ येतो. बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देत बायका ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणतात, आत्या कानात नाव सांगते, पण त्याआधी पंधरा-पंधरा दिवस त्या नावाच्या अर्थावर घरात खल झालेला असतो. आणि इथे एक बाई ८८ वर्षं एक नाव घेऊन जगली आणि ते आतून कसं आहे हे तिने एकदाही उलटून पाहिलं नव्हतं. मला त्यांची कीव आली, हे कबूल करते. ती कीव किती चुकीच्या जागी होती ते कळायला पुढचा सगळा पानगळीचा मोसम जावा लागला.

हेडविग हे दोन तुकडे सांधून केलेलं नाव आहे. जुन्या जर्मनमध्ये ‘हाडु’ म्हणजे लढाई. आणि ‘विग’ म्हणजेही लढाईच. मुलीच्या नावात लढाई, तीही दोनदा. आधी मला वाटलं, कुणी तरी फार धास्तावलेल्या आईबापाने हे ठेवलं असेल. मग कळलं, या नावांचा असा सलग अर्थ लावायचाच नसतो. त्या लोकांकडे अशा तुकड्यांचं एक गाठोडं असे: हिल्ड, गेर, ब्रांड, गुंड, विग. त्यातला एखादा बापाकडून घ्यायचा, एखादा आईकडून किंवा आजोळकडून, आणि जोडायचा. आमच्याकडे वाकळ शिवतात तसं. आजीच्या लुगड्याचा एक तुकडा, आईच्या पातळाचा एक. त्या दोहोंचं मिळून चित्र व्हावं अशी कुणाची अपेक्षा नसते, पण अंगावर घेतली की कोण कुणाचं ते कळतं. कासेल शहरात एक जुनी पोथी जपून ठेवली आहे. नवव्या शतकात कुणा दोघा लेखकांनी तिच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर एक गाणं उतरवून घेतलं. त्यात आजा हेरिब्रांड, बाप हिल्डेब्रांड आणि मुलगा हाडुब्रांड. ‘ब्रांड’ हा तुकडा तिघांत चालत आलेला, आणि मुलाच्या वाट्याला आलेला ‘हाडु’ म्हणजे माझ्या शेजारणीच्या नावातलाच. दोन सैन्यांच्या मधोमध बापलेक समोरासमोर येतात. बाप ओळख सांगतो, पोराचा विश्वास बसत नाही, त्याने बाप मेल्याचंच ऐकलेलं असतं. ढाली फुटू लागतात आणि तिथेच पान संपतं. शेवट कुठे लिहिलेला नाही. त्या अपुऱ्या पानाने मला दोन रात्री झोपू दिलं नाही. नावात वंश शिवलेला असूनही तो ऐन वेळी उपयोगाला येत नाही, हे त्या लोकांनाही ठाऊक होतं तर.

हे नाव वागवलेल्या जुन्या बायकांत मला सगळ्यात आवडली ती दक्षिण जर्मनीतल्या श्वाबियाची हाडविग. दहाव्या शतकातली. लहानपणीच तिचं लग्न कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन राजघराण्यात ठरलं, म्हणून तिला ग्रीक शिकवायला तिकडून माणसं आली. मग तिचं चित्र काढून न्यायला चितारी आला. सांक्ट गालेनच्या मठातला एक बखरकार सांगतो की तिला ते लग्न नको होतं, आणि म्हणून चितारी समोर बसला की ती तोंड वाकडं करी, डोळे फिरवी. चित्र निघालंच नाही. लग्न मोडलं. पुढे तिने श्वाबियाच्या ड्यूकशी लग्न केलं, ९७३ साली विधवा झाली आणि होहेनट्वीलच्या उभ्या कातळावरच्या गडावर राहून एका मठवासी गुरूकडे लॅटिन वाचत बसली. तिच्याबद्दल विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर गड, राज्य काही येत नाही. चिताऱ्याने रंग कालवलेत, खिडकीतून उजेड पडलाय आणि दहा-बारा वर्षांची मुलगी जीव खाऊन तोंड वेडंवाकडं करतेय, एवढंच येतं. दोन लढाया नावात असलेल्या मुलीने लढलेली पहिली लढाई.

हे सगळं आजींना सांगायचं म्हणून मी त्यांच्या दारी गेले तो दिवस नेमका १६ ऑक्टोबर निघाला. दार उघडलं तसा भाजलेल्या खसखशीचा वास. त्यांनी केक केला होता. “आज माझा नावदिवस,” त्या म्हणाल्या. कॅथलिक घरांतून वाढदिवसासारखाच हा दिवस पाळायचे. ज्या संताचं नाव, त्याची तिथी ती आपली तिथी. काळ्याभोर खसखशीचा बोटभर जाड थर, वर साखर-लोण्याचा भरडा. आम्ही खात होतो आणि माझी नजर फडताळावर गेली. घड्याळाशेजारी वीतभर उंचीची लाकडी बाई उभी होती. डोक्यावर मुकुट, अंगावर झगा, आणि जोडे हातात.

मी हाडविगचं, हाडु-विगचं सगळं विसरले. विचारलं, “यांनी जोडे हातात का घेतलेत?”

आजींना हा प्रश्न पहिल्यापेक्षा फार बरा वाटला असावा. त्यांनी काटा खाली ठेवला. ही पूर्वेकडच्या सायलेशिया प्रांताची हेडविग. ११७४ साली बव्हेरियात आंडेक्सच्या सरदारघराण्यात जन्मली आणि बाराव्या वर्षी लग्न होऊन सायलेशियाच्या दाढीवाल्या हाइनरिशकडे गेली. ती बर्फातही अनवाणी चाले. गरिबांना जोडे नाहीत तर मला कशाला, म्हणून. नवऱ्याला ते बरं दिसेना. मग तिच्या धर्मगुरूने तिला नवे जोडे दिले आणि आज्ञा केली की हे ‘ट्रागन’ करत जा. जर्मनमध्ये अंगावर घालणं आणि हातात घेऊन जाणं, दोन्हींना हा एकच शब्द. तिने आज्ञा पाळली. जोडे काखेत घेऊन ती अनवाणीच चालत राहिली. वर्षाने गुरूने पाहिले तर जोड्यांचे तळ कोरेच. आजी हे सांगताना हसल्या नाहीत. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका चोखोबाची किंवा जनाबाईची गोष्ट ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात सांगत होत्या. १३५३ साली तिच्या एका वंशजाने तिच्या चरित्राची चित्रांची पोथी करवून घेतली, ती आज अमेरिकेत गेटी संग्रहालयात आहे. त्यातही ती तशीच, हातात पुस्तक, मूर्ती आणि जोडे सांभाळत उभी. तिच्या मुलाचा शेवट मात्र त्या पोथीतल्या चित्रांनाही मऊ करता आला नाही. १२४१च्या एप्रिलमध्ये मंगोलांशी लेग्नित्साला लढताना तो पडला, शीर कापून नेलेलं. धड ओळखलं ते डाव्या पायाला सहा बोटं होती म्हणून, असं सांगतात. सात मुलांतली एकच मुलगी तिच्यामागे उरली.

पाय, पाय, पाय. या नावाभोवती मला सगळीकडे पायच दिसायला लागले.

त्या रात्री मला माझी आजी आठवली. वडिलांची आई. ती बाजाराला निघाली की चपला काखोटीला मारून शिवेपर्यंत अनवाणी यायची. चिखल, खडी, तापलेली धूळ, सगळं पायांनी घ्यायची आणि गावाबाहेरच्या ओढ्यावर पाय धुऊन मगच त्या पायात सरकवायची. “झिजत्यात गं,” म्हणायची. एक जोड तिने सात वर्षं पुरवला. मला लहानपणी त्याची लाज वाटायची. मैत्रिणी रस्त्यात भेटल्या की मी तिच्यापासून चार पावलं मागे राहायची. आणि त्या रात्री अंथरुणात पडल्यापडल्या लक्षात आलं की मला तिचं नावच माहीत नाही. म्हणजे सासरचं माहीत आहे, घराच्या उताऱ्यावर आहे. पण लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं जाण्याआधी तिचं काय नाव होतं? बाबांना फोन केला. त्यांना माहीत नाही. आत्याला केला. “माहेरात तिला बाय म्हणायचे,” एवढंच ती सांगू शकली. मी ११७४ सालच्या हेडविगच्या बहिणी सांगू शकते, एक हंगेरीची राणी, एक फ्रान्सची. आणि ज्या बाईने मला भाकरी चुरून भरवली तिचं नाव तांदळात बुजून गेलं. नावाला अर्थ नसतो म्हणणाऱ्या बाईची मी कीव केली होती. तिला निदान तिच्या आजीचं नाव माहीत होतं. तेच तर ती वागवत होती. जर्मनमध्ये माणूस नाव ‘ठेवत’ किंवा ‘लावत’ नाही. नावही ‘ट्रागन’च करतो, जोड्यांसारखं.

नंतर बेबेलप्लात्झला गेले. विद्यापीठाशेजारचा हा तोच चौक, जिथे १९३३च्या मे महिन्यात नाझींनी पुस्तकं जाळली. त्याच्या कोपऱ्यात पालथ्या कढईसारख्या घुमटाचं सेंट हेडविगचं चर्च आहे. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रीडरिशने सायलेशिया जिंकून घेतला, तिथले कॅथलिक बर्लिनला येऊ लागले, त्यांच्यासाठी हे १७४७मध्ये बांधायला घेतलं आणि नाव त्यांच्या हेडविगचं दिलं. जिंकलेल्या मुलखाची संत जिंकणाऱ्याच्या राजधानीत. १९४३च्या बॉम्बहल्ल्यात ते जळलं, पुन्हा उभं राहिलं, आणि अलीकडे सहा वर्षं बंद राहून २०२४च्या नोव्हेंबरात उघडलं. आत आता सगळं पांढरं, गोल, जवळजवळ रिकामं. आवाज केला तर तो आपल्याभोवती फिरून परत येतो. इथे बर्नहार्ड लिष्टेनबर्ग नावाचे प्रमुख धर्मगुरू होते. १९३८च्या नोव्हेंबरातल्या एका रात्री सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनाघरं, जळली आणि त्यानंतर त्यांनी रोज संध्याकाळी इथे उभं राहून ज्यूंसाठी मोठ्याने प्रार्थना म्हटली. तीन वर्षं. १९४१च्या ऑक्टोबरात त्यांना पकडलं. १९४३च्या नोव्हेंबरात डाखाऊच्या छळछावणीकडे नेत असताना वाटेतच ते गेले. मी मधल्या बाकावर बसून मनात हिशेब केला, तीन वर्षांच्या संध्याकाळी म्हणजे हजाराच्या वर. रोज आपलं तेच वाक्य म्हणायला उभं राहायचं आणि समोर कोण बसलंय हे पाहायचं नाही.

या नावाच्या आणखीही कुणी कुणी बायका मी गोळा केल्या होत्या. बर्लिनची हेडविग डोम, जिने १८७०च्या दशकातच बायकांना मत हवं असं छापून सांगितलं आणि ते मिळालेलं पाहून १९१९ साली डोळे मिटले. व्हिएन्नाची हेडविग कीसलर, जी हॉलिवूडला जाऊन हेडी लामार झाली आणि १९४२मध्ये पाणतीराचा बिनतारी संदेश शत्रूला अडवता येऊ नये म्हणून ८८ लहरींवर उड्या मारत जाणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. त्या पेटंटवर नाव पडद्यावरचं नाही, हेडी कीसलर मार्की आहे. पण खरं सांगायचं तर तोवर माझं मन आजींच्या फडताळावरच्या लाकडी बाईपाशी अडकून पडलं होतं.

पुढच्या भेटीत आजी आपणहून बोलल्या. त्यांचं गाव ब्रेस्लाऊजवळ, आजच्या व्रोत्सवाफजवळ. युद्ध संपलं, सायलेशिया पोलंडकडे गेला आणि १९४६मध्ये दहा वर्षांच्या हेडविगला आई आणि धाकट्या भावाबरोबर गाव सोडावं लागलं. हाताने उचलता येईल तेवढंच सामान. त्यांनी पुन्हा तोच शब्द वापरला, ट्रागन. आईने चांगले जोडे पोराच्या पायात न घालता पिशवीत ठेवले, पुढे हिवाळा होता म्हणून. लाकडी बाई त्याच पिशवीतून आली. “आमच्या घरात मग कोण आलं कुणास ठाऊक,” त्या म्हणाल्या. “तेही कुठून तरी हाकललेलेच असणार. पूर्वेकडून. आम्ही वीस-वीस वर्षं त्यांचा राग राग केला.” मग १९६५मध्ये पोलंडच्या बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहिलं, आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो. त्या पत्रात या हेडविगचं नाव होतं, जर्मन माहेरची आणि पोलिश सासरची म्हणून. आजींची आई ते वर्तमानपत्र घेऊन संध्याकाळभर स्वयंपाकघरात बसून राहिली. बोलली काही नाही. “तिकडेही ती त्यांची आहेच ना,” आजी म्हणाल्या. “तिकडे तिला याद्विगा म्हणतात.”

याद्विगा.

मी कप खाली ठेवला. कुठे तरी ऐकलेलं, नव्हे, वाचलेलं. त्या पुढे सांगत होत्या: क्राकूफची राणी याद्विगा, हिच्याच नावावरून नाव ठेवलेली, १३८४ साली जेमतेम दहा-अकरा वर्षांची असताना गादीवर बसवली, तीही राणी नव्हे, ‘राजा’ म्हणून. एका रडणाऱ्या गवंड्याला द्यायला तिने पायातलं सोन्याचं बक्कल काढलं तेव्हा पाय दगडावर टेकवला, तो ठसा चर्चच्या भिंतीत अजून दाखवतात. दागिने विद्यापीठासाठी देऊन टाकले, म्हणून तिच्या थडग्यात राजदंड सापडला तो लाकडाचा. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. मला एक लाल बासनातली वही दिसत होती.

आमचं मूळ गाव वळिवड्याच्या शेजारचं. १९४३ ते ४८ या काळात वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. रशियाने घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलेली, इराणमार्गे इथवर पोचलेली. कोल्हापूरकरांना हे नव्याने सांगायला नको; पुढे त्या बराकींत सिंधी मंडळी आली आणि गांधीनगर झालं. माझे आजोबा त्या कॅम्पात दूध घालायचे. आजी सांगायची, “लई गोऱ्या बायका. डोक्याला फडकी बांधून दारापुढं फुलं लावायच्या. आन् पोरं बघावी तर अनवाणी.” जुनं घर उतरवताना आजोबांची दुधाची वही निघाली तेव्हा आम्ही सगळे एका नावापाशी अडलो होतो. मोत्यासारखं अक्षर, आणि दर पानावर ‘यादवीबाई’. गावात यादवांचं घर नव्हतं. काकाने तेव्हा म्हटलं होतं, असेल कुणी पाहुणी. वही पुन्हा बासनात गेली.

भावाला रात्रीच निरोप केला. दोन दिवसांनी त्याने पानांचे फोटो पाठवले. पिवळट कागद, कडेला वाळवीने खाल्लेलं, डाव्या कोपऱ्यात ‘श्री’ आणि सन १९४५. माझ्या आजोबांनी एका परक्या बाईचं नाव कानाला लागलं तसं, आपल्या तोंडाला झेपेल तसं, ‘बाई’ जोडून आदराने लिहून ठेवलं होतं. स्वतःच्या बायकोला त्यांनी जन्मभर ‘अगं’ म्हटलं. या दोन गोष्टी मी अजून एकत्र ठेवू शकलेले नाही. त्या बाईचं गाव ज्या पूर्वेकडे होतं, तेही युद्धानंतर पोलंडमध्ये राहिलं नाही. ती पुढे इंग्लंडला गेली, की परतून सायलेशियातल्या एखाद्या रिकाम्या केलेल्या घरात चूल मांडून बसली, मला कुणी सांगणार नाही.

फोन घेऊन समोरच्या दारी गेले. आजींनी चष्मा बदलला, पडदा सरकवून उजेड घेतला.

“कुठे आहे मी?”

मी बोट ठेवलं. त्यांनी त्या अक्षरांवरून, डोक्यावरच्या रेषेवरून, आपलं बोट सावकाश नेलं. काच पुसावी तसं.

“आणि हे पुढे?”

“अर्धा शेर. दूध.”

“रोज?”

मी पान खाली सरकवलं. रोज. मग एके ठिकाणी चार दिवस कोरे होते.

“आजारी असेल,” त्या म्हणाल्या. थोडा वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिल्या. “मग?”

“पाचव्या दिवशी एक शेर.”